मिसळ ऐंशीची की नव्वदची? मागणीची लवचिकता मोजायला शिकूया

कोल्हापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी मिसळीचं एक छोटं दुकान आहे. मालकांना आम्ही सगळे मामा म्हणतो. एकदा सकाळी त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले, "बाई, तेल वाढलंय, कांदा वाढलाय, सिलिंडर वाढलाय. ऐंशीची प्लेट नव्वदला करावी म्हणतोय. गिऱ्हाईक तुटंल काय वो?"

मी अकरावी-बारावीच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवते. मामांच्या या एका प्रश्नात ‘मागणीची लवचिकता’ हा अख्खा धडा बसतो. माझ्या वर्गातल्या मुलांना व्याख्या तोंडपाठ असते, पाचही प्रकार ती क्रमाने म्हणून दाखवतात, आकृत्याही सुबक काढतात. पण "मग मामांना काय सांगशील?" असं विचारलं की वर्ग गप्प होतो. मला हे मनाला लागतं. हा धडा वहीत आकडे मांडून करून बघण्याचा आहे, आणि एकदा करून बघितला की तो जन्मात विसरत नाही. म्हणून इथे अगदी पहिल्यापासून लिहिते आहे. बारावीच्या विद्यार्थ्यांना चालेल, बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला चालेल आणि मामांसारख्या दुकानदारांनाही. लागेल ती एक वही, पेन्सिल आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर.

नेमकं काय मोजायचं आहे?

किंमत वाढली की मागणी घटते, हा मागणीचा नियम. तो फक्त दिशा सांगतो. किती घटते, याबद्दल तो काहीच बोलत नाही. मिठाचा पुडा दोन रुपयांनी महागला म्हणून कुणी आमटी अळणी करत नाही. पण एका दुकानात आइस्क्रीमचा कोन दहा रुपयांनी महागला, तर पोरं सरळ पुढच्या दुकानात जातात. दोन्हीकडे नियम तोच आहे, पण परिणामात जमीन-अस्मानाचा फरक. हे ‘किती’ मोजायची पट्टी म्हणजे लवचिकता. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांच्या १८९० सालच्या ग्रंथातून ही कल्पना अर्थशास्त्रात रुजली, ती आजतागायत तशीच वापरात आहे.

सूत्र एका ओळीचं आहे:

मागणीची किंमत लवचिकता = मागणीतील शेकडा बदल ÷ किमतीतील शेकडा बदल

शेकडा कशाला? सरळ रुपयांत आणि प्लेटांत का मोजायचं नाही? हा प्रश्न दरवर्षी एखादी मुलगी विचारते आणि मला आनंद होतो, कारण धड्याचा गाभा तिथेच आहे. गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, सोनं तोळ्यामागे दहा रुपयांनी वाढलं तर घेणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही. मिसळ दहा रुपयांनी वाढली तर पहिला घास घ्यायच्या आधी लक्षात येतं. दहा रुपये दोन्हीकडे दहाच आहेत, पण मूळ किमतीच्या मानाने ते किती, यावर सगळं ठरतं. दुसरं असं की मिसळ प्लेटांत मोजतात, गूळ क्विंटलात, दूध लिटरात. यांची आपसात तुलना करायची कशी? शेकड्यात आणलं की मापं गळून पडतात आणि नुसता आकडा उरतो. म्हणूनच लवचिकतेच्या उत्तराला एकक नसतं. पेपरात "उत्तर: ०.८ प्लेट" लिहिलेलं मी पाहिलं आहे. तसं लिहू नका.

पायरी १: वहीत खरे आकडे आणा

पुस्तकातल्या उदाहरणात आकडे आयते मिळतात, त्यामुळे ही पायरी कुणी शिकवतच नाही. खरी मेहनत मात्र इथेच आहे, म्हणून इथे जरा थांबूया.

मामांकडे हिशेबाची लांबट वही होती. प्लास्टिकचं कव्हर, पानांच्या कडेला तेलकट अंगठ्याचे ठसे. रोज एक ओळ: तारीख, किती प्लेटा गेल्या, गल्ला किती. मी त्यांना आणखी एक रकाना आखायला सांगितला, शेऱ्याचा. त्यात ते लिहायला लागले: ‘पाऊस’, ‘एकादशी’, ‘शाळेला सुट्टी’, ‘क्रिकेटचा सामना’. त्या रकान्यामुळेच पुढचा हिशेब विश्वासाचा झाला.

कारण लवचिकतेच्या व्याख्येत एक अट दडलेली असते: इतर परिस्थिती कायम असता. म्हणजे किंमत सोडून बाकी काहीही बदललेलं नसावं. समजा मामांनी आषाढात ऐंशीला विकलेल्या प्लेटा मोजल्या आणि श्रावणात नव्वदला विकलेल्या. श्रावणात उपवास वाढतात, मिसळीची गिऱ्हाइकं आपोआप कमी होतात. ती घट किमतीच्या खात्यावर टाकली तर उत्तर साफ चुकेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला, पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला. तसल्या आठवड्यांचे आकडे कुठल्याही दुकानदाराने या हिशेबात धरू नयेत.

मामांनी काय केलं ते सांगते. दर बदलायच्या आधीचे चार आठवडे आणि बदलल्यानंतरचे चार आठवडे घेतले. दोन्हीकडे चार-चार रविवार आले, कारण रविवारची गर्दी आणि मंगळवारची गर्दी यांत तुलनाच नाही. सण, मुसळधार पावसाचे दिवस आणि लग्नाची मोठी ऑर्डर असलेले दिवस शेऱ्यावरून बाजूला काढले. उरलेल्यांची सरासरी काढली. समोरच्या गाडीवाल्याने त्या काळात दर बदललेला नाही, याची खात्री केली. आणि एक गोष्ट मी मुद्दाम विचारली, "मामा, कट पहिल्यासारखाच वाढताय ना?" दर तोच ठेवून कट मोजून द्यायला लागलं किंवा पाव एक कमी केला, तर तीही दरवाढच असते. गिऱ्हाइकाला ती कळते, वहीत मात्र दिसत नाही.

सरासरी अशी आली: ८० रुपये दराला रोज २०० प्लेटा, ९० रुपये दराला रोज १८० प्लेटा. (आकडे सोपे जावेत म्हणून मी पूर्णांकात आणले आहेत.)

पायरी २: शेकडा बदल काढा

बदल म्हणजे नवी संख्या वजा जुनी संख्या. त्याला जुन्या संख्येने भागायचं आणि शंभराने गुणायचं.

किंमत: ९० − ८० = १०. मग १० ÷ ८० × १०० = १२.५ टक्के.

मागणी: १८० − २०० = −२०. मग −२० ÷ २०० × १०० = −१० टक्के.

छेदात जुनी संख्या येते, नवी नाही. घाईत मुलं किमतीला जुन्याने भागतात आणि मागणीला नव्याने. त्यावर उपाय म्हणून मी वर्गात प्रत्येक आकड्याच्या डोक्यावर ‘जु’ आणि ‘न’ लिहायला लावते. दोन सेकंद जातात आणि चूक टळते.

पायरी ३: भागाकार करा आणि तो वाचा

−१० ÷ १२.५ = −०.८

भागाकारात मागणीचा बदल वर, किमतीचा खाली. हे उलटं झालं तर १.२५ येईल आणि निष्कर्ष पार उलटा निघेल. लक्षात ठेवायची माझी रीत अशी: गिऱ्हाईक काय करतंय हे आपल्याला मोजायचंय, म्हणून गिऱ्हाइकाचा बदल वरती.

उणे चिन्ह फक्त एवढंच सांगतं की किंमत आणि मागणी विरुद्ध दिशांना जातात. ते आपल्याला आधीच माहीत असतं, म्हणून बोलताना आणि बहुतेक पुस्तकांत ते सोडून देतात आणि लवचिकता ०.८ म्हणतात. पण कच्च्या हिशेबात ते राहू द्या. पुढे झेंडूच्या उदाहरणात त्याचा उपयोग होणार आहे.

०.८ चा अर्थ असा: किंमत १ टक्क्याने वाढली तर मागणी साधारण ०.८ टक्क्याने घटते. उत्तर १ पेक्षा कमी म्हणजे कमी लवचिक मागणी, १ पेक्षा जास्त म्हणजे जास्त लवचिक, नेमकं १ आलं तर एकक लवचिक. शून्य आलं तर संपूर्ण अलवचिक: किंमत काहीही होवो, मागणी हलत नाही. इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाची गरज याच्या जवळ जाते. पाचवा प्रकार संपूर्ण लवचिक, त्याचं कोल्हापुरातलं उदाहरण पुढे देते.

पायरी ४: उलट दिशेने जाऊन बघा

आता मामांनी विचार बदलला आणि नव्वदवरून परत ऐंशीला आले असं धरा. प्लेटा १८० वरून पुन्हा २०० झाल्या. आकडे तेच आहेत, दिशा फक्त उलटी.

किंमत: −१० ÷ ९० = −११.११ टक्के. मागणी: २० ÷ १८० = ११.११ टक्के. लवचिकता १!

जाताना ०.८, येताना १. दुकान तेच, गिऱ्हाईक तेच, मिसळ तीच. मुलं इथे गोंधळतात आणि सूत्रच चुकलं असं समजतात. चूक कुणाचीच नाही. जाताना छेदात ८० आणि २०० होते, येताना ९० आणि १८० आले. शेकडा कशाचा काढतोय, तो पाया बदलला की उत्तर बदलतं.

यावर उपाय मध्यबिंदू पद्धत. छेदात जुनी संख्याही नको, नवीही नको. दोन्हींची सरासरी घ्यायची.

किमतीची सरासरी ८५. १० ÷ ८५ = ११.७६ टक्के.
प्लेटांची सरासरी १९०. २० ÷ १९० = १०.५३ टक्के.
१०.५३ ÷ ११.७६ = ०.८९ (जवळपास).

आता कुठूनही कुठे जा, उत्तर ०.८९ च येतं. माझं मत विचाराल तर खऱ्या दुकानाच्या हिशेबाला हीच पद्धत वापरा. परीक्षेत मात्र प्रश्नात ज्या पद्धतीने विचारलंय त्याच पद्धतीने सोडवा. काहीच सांगितलं नसेल तर साधी शेकडेवारी पद्धत, जुन्या संख्येने भागून.

पायरी ५: गल्ल्यावरून पडताळा घ्या

मामांना ०.८९ शी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना गल्ला कळत होता. पुस्तकातली एकूण खर्चाची पद्धत म्हणजे हेच, कारण गिऱ्हाइकांनी खर्च केलेला पैसा म्हणजेच दुकानदाराचा गल्ला.

आधी: ८० × २०० = १६,००० रुपये.
नंतर: ९० × १८० = १६,२०० रुपये.

दर वाढला आणि गल्लाही वाढला, म्हणजे मागणी कमी लवचिक. दर वाढून गल्ला घटला असता तर जास्त लवचिक. तेवढाच राहिला असता तर एकक लवचिक. मध्यबिंदू पद्धतीचं उत्तर या कसोटीशी नेहमी जुळतं. साधी पद्धत कधीकधी जुळत नाही: वर उलट दिशेने आपल्याला १ मिळालं होतं, म्हणजे गल्ला बदलायला नको होता, पण प्रत्यक्षात तो दोनशेने बदलला. कागदावर बीजगणित येत असेल त्यांनी हे स्वतः सिद्ध करून बघावं, चार ओळींचं काम आहे.

दिवसाला दोनशे रुपये वाढले, एवढ्यावर थांबू नका. रोज वीस प्लेटा कमी गेल्या म्हणजे वीस प्लेटांची मटकी, फरसाण, पाव, तेल वाचलं. एका प्लेटचा कच्चा खर्च ४५ रुपये धरा. आधी प्लेटमागे ३५ रुपये सुटत होते, २०० प्लेटांचे ७,०००. आता प्लेटमागे ४५ सुटतात, १८० प्लेटांचे ८,१००. गल्ल्यातला फरक दोनशेचा, हातात उरणाऱ्या पैशातला फरक अकराशेचा. मी हे वहीत मांडून दाखवलं तेव्हा मामांनी पेन्सिल हातात घेतली आणि ८,१०० भोवती दोनदा गोल केला.

सरळ रेषेचा गैरसमज

आकृती काढणाऱ्यांसाठी हा भाग महत्त्वाचा. मागणी वक्र म्हणजे उभ्या अक्षावर किंमत आणि आडव्या अक्षावर मागणी मांडून काढलेली रेघ. ती सरळ रेषा असेल तर तिचा उतार सगळीकडे सारखा, मग लवचिकताही सगळीकडे सारखीच, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही.

मामांचे दोन बिंदू सरळ रेषेने जोडले तर दर १० रुपयांमागे २० प्लेटा घटतात. रेषा पुढेमागे वाढवली तर किमतीच्या अक्षाला ती १८० रुपयांवर भेटते (तिथे एकही प्लेट जात नाही) आणि संख्येच्या अक्षाला ३६० प्लेटांवर. आता एखाद्या बिंदूवरची लवचिकता काढायची सोपी भौमितिक युक्ती: त्या बिंदूपासून रेषेचा खालचा भाग भागिले वरचा भाग. किमतीच्या अक्षावर मोजलं तरी प्रमाण तेच राहतं.

४० रुपयांवर: खाली ४०, वर १४०. लवचिकता ०.२९.
८० रुपयांवर: खाली ८०, वर १००. लवचिकता ०.८.
९० रुपयांवर: खाली ९०, वर ९०. लवचिकता १.
१२० रुपयांवर: खाली १२०, वर ६०. लवचिकता २.

एकाच रेषेवर ०.२९ पासून २ पर्यंत! आणि मघाशी जाताना ०.८ आणि येताना १ का आलं, तेही इथे उलगडतं: त्या ८० आणि ९० या दोन बिंदूंवरच्या लवचिकता होत्या. स्वस्त असताना गिऱ्हाईक दहा रुपयांची फिकीर करत नाही, महाग असताना तेच दहा रुपये त्याला बोचतात. एकूण गल्ला सगळ्यात जास्त कुठे? लवचिकता १ असते तिथे, म्हणजे नव्वदला. शंभरला १६० प्लेटा, गल्ला पुन्हा १६,०००.

पण इथे एक सावधगिरी हवी. आपल्याकडे खरे आकडे फक्त ८० आणि ९० चे आहेत. ती रेषा १२० पर्यंत सरळ जाते, हे आपण गृहीत धरलंय. प्रत्यक्षात शंभरी ओलांडली की गिऱ्हाईक एकदम समोरच्या गाडीकडे वळू शकतं. मोजलेल्या टप्प्याच्या फार बाहेर जाऊन सल्ला देऊ नये, असं मी मामांनाही बजावलं. पुढची वाढ करायची तर पुन्हा चार आठवडे वही लिहायची.

झेंडूचा सापळा

दसऱ्याच्या आधी झेंडू किलोला ४० रुपये होता आणि एका फुलवालीचा रोज १० किलो खपत होता, असं समजा. खंडेनवमीला दर १०० झाला आणि तिचा ४० किलो खपला. सूत्रात टाका: मागणी +३०० टक्के, किंमत +१५० टक्के, उत्तर +२.

माझ्या वर्गात अर्धी मुलं "जास्त लवचिक" असं लिहून मोकळी होतात. उणे चिन्ह का राहू द्या म्हटलं होतं ते आता बघा. उत्तर अधिक आलंय, म्हणजे किंमत वाढली आणि मागणीही वाढली. ही लवचिकता नव्हेच. इथे सण आला, दाराला तोरण, गाडीला हार, शस्त्रांना फुलं हवीत, म्हणून मागणी वाढली, आणि मागणी वाढली म्हणून किंमत चढली. पुस्तकाच्या भाषेत ही मागणीतील वृद्धी, अख्खा वक्रच उजवीकडे सरकला. आपण मोजायला निघालो होतो ते एकाच वक्रावर वर-खाली होणं, म्हणजे मागणीचा विस्तार आणि संकोच. रोजच्या व्यवहारातल्या आकड्यांतून अधिक चिन्ह निघालं, तर आधी शोधा की किमतीखेरीज आणखी काय बदललं.

कुणाची मागणी: एका पाटीची की सगळ्या मंडईची?

कपिलतीर्थ मार्केटात मेथी घेऊन बसलेल्या एका मावशींचा हिशेब धरूया. जुडी २० रुपयांना, ६० जुड्या जातात. त्यांनी एकट्यांनी २५ केली, ३६ च गेल्या. किंमत २५ टक्के वर, मागणी ४० टक्के खाली, लवचिकता १.६. गल्ला १,२०० वरून ९००. कारण शेजारच्या पाटीवर तीच मेथी वीसला आहे. पण त्या दिवशी सगळ्या मंडईतच मेथी पंचवीस असती, तर घरातली बाई थोडं कुरकुरून का होईना, जुडी पिशवीत टाकतेच. मेथी तीच असली तरी एका विक्रेत्यापुढची मागणी लवचिक असते आणि सगळ्या बाजाराची त्या मानाने कमी लवचिक. जवळ पर्याय किती, यावर लवचिकता सगळ्यात जास्त अवलंबून असते.

याचं टोक बघायचं असेल तर शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे चालू असताना जाऊन या. एका प्रतीच्या गुळाला त्या दिवशी जो दर फुटतो, त्या दराला एका शेतकऱ्याचे सगळे रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, विकले जातात. त्याने क्विंटलमागे शंभर जास्त मागितले तर व्यापारी पुढच्या थप्पीकडे वळतो, कारण तसाच गूळ तिथेही आहे. या एकट्या शेतकऱ्यापुढची मागणी जवळजवळ संपूर्ण लवचिक आहे. आकृतीत ती आडवी रेषा येते. पाचव्या प्रकाराची आडवी रेषा मुलांना नेहमी काल्पनिक वाटते. सौद्यात उभं राहिलं की ती डोळ्यांसमोर दिसते.

आणि या दोन गोष्टी एकत्र आल्या की शेतकऱ्याचं काय होतं, ते मला सांगायचंच आहे. भाजीपाल्याची एकूण बाजाराची मागणी कमी लवचिक असते. टोमॅटो स्वस्त झाला म्हणून कुणी दुप्पट खात नाही. समजा लवचिकता ०.५ आहे आणि पाऊसमान चांगलं झाल्याने माल १० टक्के जास्त आला. तो सगळा खपायचा तर किंमत किती उतरायला हवी? सूत्र उलटं वापरा: १० ÷ ०.५ = २० टक्के. आधी १०० क्विंटल, हजाराने, एक लाख रुपये. आता ११० क्विंटल, आठशेने, ८८,०००. जास्त पिकवलं आणि बारा हजार कमी मिळाले, वर तोडणी आणि गाडीभाडं जास्त लागलं ते वेगळंच. एकटा शेतकरी माल मागे ठेवून काही करू शकत नाही, कारण त्याच्यापुढची रेषा आडवी आहे. रस्त्यावर टोमॅटो ओतलेले दिसले की "यांना नियोजन जमत नाही" असं बोलणाऱ्यांनी एकदा हा भागाकार करून बघावा.

वेळ हाही एक घटक, थोडक्यात सांगते. पेट्रोल महागलं तर या महिन्यात गाडी तेवढीच पळते, कामाला जायचंच असतं. दोन-चार वर्षांत मात्र माणूस सीएनजीची रिक्षा घेतो, इलेक्ट्रिक स्कूटर घेतो. म्हणून लवचिकता सांगताना ती किती काळाची, तेही सांगावं. मामांचा ०.८९ हा चार आठवड्यांचा आकडा आहे. सहा महिन्यांनी गिऱ्हाइकांनी दुसरं दुकान शोधलेलं असेल तर तो वाढेल.

आता तुम्ही करा

चप्पल लाईनला एका दुकानात साध्या कोल्हापुरी चपलेचा जोड ८०० रुपयांना आहे आणि महिन्याला ५० जोड जातात, असं धरा. दर १,००० केल्यावर ३५ जोड गेले. दुकानदाराला एक जोड ६०० रुपयांना पडतो. साध्या पद्धतीने लवचिकता काढा, मग मध्यबिंदू पद्धतीने, मग गल्ल्यावरून पडताळा घ्या, आणि शेवटी दुकानदाराच्या हातात आधी किती उरत होतं आणि आता किती उरतं ते मांडा.

साध्या पद्धतीने १.२ यायला हवं, मध्यबिंदूने १.५९ च्या आसपास. गल्ला ४०,००० वरून ३५,००० वर येतो, म्हणजे मागणी जास्त लवचिक. हातात उरणारी रक्कम मात्र १०,००० वरून १४,००० होते. शेवटचे दोन आकडे बघून "दर वाढवणं चूक की बरोबर?" असा प्रश्न पडला, तर तो वहीत त्याच पानावर लिहा आणि त्याखाली आणखी एक ओळ: ते पंधरा गेलेले गिऱ्हाईक गावातले होते की अंबाबाईच्या दर्शनाला आलेले?